बायजाबाईचा अंगठा

मी तलाठ्याच्या टेबलाच्या खणातला जुना शाईचा पॅड बोलतोय. बोलतोय म्हणजे पुटपुटतोय म्हणा. माझं झाकण आता नीट उघडत नाही, आतली गादी सुकून तिला भेगा पडल्यात, आणि इतकी वर्षं लोकांचे अंगठे झेलून जीव अगदी विटून गेलाय. पण एका बाईचं सांगायचं राहिलंय. तेवढं सांगतो आणि गप्प बसतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका गाळ्यात झाला. पत्र्याची डबी, आत जाड नमदा, त्यावर मांजरपाटाचा तुकडा आणि जांभळी शाई. खोक्यात माझ्यासारखे चार डझन होते. सगळ्यांना वाटायचं की आपण बँकेत जाऊ, पंख्याखाली बसू, गोल शिक्क्यांशी आपला संबंध येईल. मी गेलो न्हावा शेव्याच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात, शाळेच्या ओट्यावर.

साल होतं त्र्याहत्तर. खाडीपलीकडे नवं शहर उभं राहायचं होतं आणि त्यासाठी गावाची जमीन घेतली होती. ओट्यावर मोबदल्याचं वाटप चाललं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगठे पडत होते. पहिल्याच दिवशी माझी निम्मी शाई संपली.

माणसं अंगठा देतात आणि मग त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नाही, हे मी तेव्हाच पाहिलं. पुरुष भिंतीला पुसतात, बायका केसांना. ज्यांना सही येते ते आमच्याकडे असं बघतात की जणू आम्ही कुणाचं काहीतरी घेतलंय. शाळेची ती भिंत आठ दिवसांत जांभळी झाली.

त्या रांगेत बायजाबाई होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, वाट्याला खाडीलगतची थोडी भातशेती. तिने अंगठा दिला, पैसे घेतले आणि लगेच शेजारच्या टेबलापाशी गेली. तिथे पोस्टाचा माणूस बचतीची खाती उघडत बसला होता. त्याने स्वतःचा पॅड आणला नव्हता, म्हणून मलाच उचलून नेलं. अशा रीतीने जमीन गेल्याचा अंगठा आणि पैसे ठेवल्याचा अंगठा, दोन्ही मीच घेतले.

"ह्यो पैसा कोनाला दिसनार तर नाय ना?" तिने विचारलं.

"तुमच्या अंगठ्याशिवाय कुणाला मिळणार नाही, मावशी," तो म्हणाला.

रांगेत तिच्यामागे रखमा उभी होती. बायजाबाईच्या शेतात लावणी-कापणी तीच करायची, आणि उरलेले महिने मिठागरात. वाटप करणाऱ्या साहेबांनी विचारलं, नावावर काय आहे. रखमा म्हणाली, नावावर काय नाय, पन लावनी मीच करते. साहेबांनी यादीवर बोट फिरवलं आणि तुझं यात काही नाही असं सांगितलं. "मंग अंगठा देऊ का नको?" तिने विचारलं. नको म्हटल्यावर ती बाजूला झाली. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

वाटप संपलं आणि मी एका पेटीत पडलो. किती वर्षं, ते नीट आठवत नाही. पुढे गोटीराम कोतवालाने मला चावडीत, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीत आणलं. शाई पुरवावी म्हणून तो माझ्यात पाणी घालायचा. जांभळ्याचा मी फिका झालो तो त्याच्यामुळे. तलाठी साताऱ्याकडचे होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. समोरच्या कागदावर मान घालून बोलायचा आणि समोरच्या माणसाकडे शेवटी बघायचा.

तोवर गावातला मोबदला संपून गेला होता. कुणी बँड लावून लग्नं केली, कुणी दोन मजले चढवायला घेतले आणि एकावर थांबले. बायजाबाईचा पुतण्या विलास याने आपल्या वाट्याच्या पैशांतून मोटारसायकल घेतली होती. पुढे तीही विकली आणि बंदराच्या भरावावर दुसऱ्याचा डंपर चालवू लागला. त्याचा डोळा आता काकीच्या वाट्यावर होता. ती चावडीत दाखल्यासाठी आली की तो मागोमाग यायचा. "काकी, खरा सांग, पैसा कुठं ठेवलास?" ती म्हणायची, "सरला रं बाबा दवाखान्यात." त्याला ते पटायचं नाही.

ब्याऐंशी साली निराधारांचा पगार सुरू झाला. सरकार त्याला अनुदान म्हणायचं, गाव पगार म्हणायचं. महिन्याला साठ रुपये, मनीऑर्डरने. गावाला सातच नावं मंजूर होती. सातवं नाव बायजाबाईचं लागलं.

भाऊसाहेबांनी तिला जबाब वाचून दाखवला. मला कुणाचा आधार नाही, उत्पन्नाचं साधन नाही, माझी कुठेही बचत नाही. "बरोबर?" "बरोबर." आणि अंगठा. मी अक्षरशः चिडलो. नऊ वर्षांपूर्वी याच अंगठ्याने माझ्यावर टेकून पोस्टात खातं उघडलं होतं. पण माझ्या चिडण्याला कोण विचारतो. तसं पाहिलं तर त्या सातांत ती एकटी नव्हती. एका आजोबांच्या नावडे गावात भाड्याने दिलेल्या खोल्या होत्या, एका आजींचा मुलगा रबाळ्याच्या कारखान्यात कायम होता. त्यांनीही तोच जबाब ऐकला होता आणि तसाच अंगठा दिला होता.

मग बायजाबाई म्हणाली, "भाऊसाहेब, मना याचा कागद भेटंल का? शिक्क्याचा? भितीला लावते."

"भिंतीला कशाला लावताय?"

"पुतन्याला वाचाया येते."

भाऊसाहेबांनी एवढ्यावर मान वर केली. त्यांनी नक्कल लिहिली आणि शिक्का मारला. माझा राग तिथेच विरला. या बाईला साठ रुपयांची हाव नव्हती. आपल्याकडे काही नाही असं सरकारने लिहून दिलेलं तिला हवं होतं, म्हणजे घरातला माणूस मागे लागणार नाही. ते पैसे तिने कशाला ठेवलेत हे पुढे एकदा चावडीच्या बाकावर बसून ती रखमाला सांगत होती तेव्हा मला कळलं. आपल्या बाराव्याला गाव जेवला पाहिजे. मेल्यावर कुणाच्या उपकारात जायचं नाही. पैशांची गोष्ट तिने आयुष्यात एकट्या रखमाला सांगितली असावी, आणि रखमानेही ती कधी बाहेर काढली नाही.

दर वर्षी एकदा या म्हाताऱ्यांना चावडीत यावं लागे. आपण जिवंत आहोत आणि परिस्थितीत बदल नाही, असा अंगठा द्यायला. मला तो दिवस नकोसा वाटायचा. माणूस समोर धापा टाकत बसलेलं असतं आणि त्याच्याकडून लिहून घ्यायचं की ते जिवंत आहे.

चौऱ्याऐंशी साली त्याच दिवशी रखमा अर्ज घेऊन आली. मिठागरं भरावाखाली गेली होती. शेत तर आधीच गेलं होतं. मागे-पुढे कुणी नव्हतं. दोन घरची भांडी घासून ती जगत होती आणि आता हात कापायला लागले होते. भाऊसाहेब म्हणाले, गावाची सात नावं भरलीत, एखादी जागा झाली की बघू.

रखमा उठली. बायजाबाई बाकावर बसलेली होती. रखमाच्या बोलण्यात काही डंख नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. ती म्हणाली, "तुजा झाला ते बरा झाला, बायजे. तुला तरी कोन हाय."

त्या दिवशी बायजाबाईचा अंगठा माझ्यावर पडला तो इतका हलका की भाऊसाहेबांनी दोनदा घेतला. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

शहाऐंशी साली ती आली आणि अंगठा न देता हात पदराखाली घेऊन बसली. "भाऊसाहेब, माजा नाव काढा. रखमाचा घाला."

"असं काढता येत नाही," भाऊसाहेब कागदातच बघत म्हणाले. "कारण लागतं. माणूस गेलेलं असावं लागतं, नाहीतर त्याच्याकडे पैसा निघावा लागतो."

"मंग मेली लिवा."

"तुम्ही समोर बसलाय ना, आजी."

"मंग पैसा हाय लिवा. पोस्टात हाय."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. डोळे चोळले. त्यांचा आवाज अगदी खाली आला. "हे मी ऐकलं नाही. ते लिहिलं तर चौकशी लागेल. चार वर्षांचे पैसे परत भरावे लागतील. माझीही सही आहे चार वर्षांची, घरी जाऊन खात्री केली म्हणून. आणि पुतण्या उद्या दारात उभा राहील. देऊन टाका अंगठा. गावात कुणाचं काय आहे ते मला माहीत नाही का?" असं म्हणत त्यांनी मला तिच्यापुढे सरकवलं.

मी उघडा पडलो होतो. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिला भीती वाटत होती, ती मला स्पष्ट दिसत होती. साठ रुपये सोडणारी म्हातारी म्हणजे कुठेतरी जास्त असणार, एवढा हिशेब विलासला नक्की करता येत होता.

"अंगठा नाय दिला तर काय होते?" तिने विचारलं.

भाऊसाहेब म्हणाले, "मुदतीत नाही दिला तर हयात नाही असं धरतात. नाव आपोआप जातं."

"बरा," ती म्हणाली आणि उठून गेली.

गोटीरामने माझं झाकण लावलं. मी आयुष्यात हजारो अंगठे घेतले. जमिनीचे घेतले, वाटण्यांचे घेतले, खरे घेतले आणि खोटेही घेतले. त्या सगळ्यांत मला मान वाटला तो या एका न दिलेल्या अंगठ्याचा.

तीन महिन्यांनी जागा झाली. भाऊसाहेबांनी स्वतः तालुक्याला दोन खेपा घातल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. रखमाला घेऊन बायजाबाईच आली. मिठाने रखमाच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या होत्या. दोनदा दाबला तरी कागदावर नुसता डाग उठला. तेव्हा बायजाबाईने तिचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा माझ्यावर सावकाश फिरवला आणि कागदावर टेकवला. या खेपेला कडेकडेच्या चार रेषा उमटल्या. भाऊसाहेब म्हणाले, चालेल.

दोघी दाराकडे वळल्या तर विलास उंबऱ्यात उभा होता. बंदरावरची धूळ अंगावर तशीच.

"काकी, पगार सोडलास म्हनं? मंग दुसरीकडं हाय वाटते."

चावडीत दहा-बारा माणसं होती. रखमाने बायजाबाईचं कोपर धरलं.

"हाय," बायजाबाई म्हणाली. "पोस्टात हाय. माज्या बाराव्याचा हाय. मी मेल्यावर जेवाया ये."

विलास बाजूला झाला. दोघी त्याच्यासमोरून गेल्या. भाऊसाहेबांनी सगळं ऐकलं होतं, पण ते मान खाली घालून रखमाच्या कागदावर शिक्का मारत राहिले.

पुढे काय झालं ते मला माहीत नाही. त्याच महिन्यात चावडीत नवा पॅड आला आणि मी खणात गेलो. तिने पैसे टिकवले की विलासने घेतले, हे कुणी खणापर्यंत येऊन सांगत नाही. मला ते कळायला हवं होतं असं फार वाटतं.

आता मला कुणी उघडू नका, माझ्यात द्यायला काही उरलं नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस चार पैसे लपवून ठेवत असेल आणि सरकारपुढे नाही म्हणत असेल, तर त्याला खोटारडं ठरवायच्या आधी एवढं बघा, ते तुमच्यापासून तर लपवत नाही ना.