पंचवीस अकराची फाइल

त्या मंगळवारी अब्बा दुकानात पाइप कापत होते आणि माझ्याशी वाद घालत होते. आमचं हार्डवेअरचं दुकान कशेळ्याच्या नाक्यावर आहे, आणि वाडीवरून कर्जतला जाणारी जीप समोरच थांबते. गाडी कधी येणार हे लोक ड्रायव्हरपेक्षा अब्बांनाच विचारत, म्हणून मी एक वेबसाइट करून दिली होती. पान एकच, आजच्या आणि उद्याच्या वेळा दाखवणारं. वेळा मात्र पानात नव्हत्या, वेगळ्या छोट्या फाइलींत होत्या. पान उघडलं की माझा कोड बघे, त्या तारखेच्या नावाची फाइल आहे का? असेल तर ती आणून पानात घाले, नसेल तर त्या वाराची नेहमीची. तारखांच्या फाइली अब्बा लिहीत.

"शुक्रवारी तुझ्या पानाने माझी फाइल घेतलीच नाय," ते म्हणाले. "जुम्म्याची गाडी सव्वादोनला, आणि ते आपलं दीडच दाखवत बसलं."

"नाव चुकलं असेल. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. सांगितलं होतं मी."

"आधी वर्ष? नाक्यावर कुणालाही तारीख विचार. आधी वर्ष सांगतो का कोण?"

"मशीनला नाक्याची रीत कळत नाही, अब्बा."

"आणि मशीनला शिकवलं कुणी? मी?"

मी चिडले. "तुम्ही त्या फाइलींना हातच लावू नका. मी बघते नंतर."

ते हसले. पाइपमधला भुसा फुंकून उडवला आणि "बघ, बघ" म्हणाले. दुपारी आम्ही बोंबलाचं कालवण खाल्लं. तो विषय पुन्हा निघाला नाही. बुधवारी पहाटे फजरच्या नमाजानंतर ते जरा पलंगावर आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

अब्बांचं चाळिसावं झाल्यावर मी दुकान उघडलं. पहिल्याच रविवारी वाडीवरच्या येसूबाई आल्या आणि अब्बांच्या स्टुलावर न विचारता बसल्या. मला ते बरं वाटलं.

"उद्या कर्जतला डोळे तपासायचे हायेत गं. तुजे अब्बा, आपले सुलेमानशेठ, बोललेले की गाडी सातला सुटंल, मोबाइलात लिवून ठेवतो. नात बोलते, मोबाइलात साडेआठच हाय. मग माजा नंबर गेला ना!"

मी गजाला फोन लावला. जीप त्याची.

"सातलाच," तो म्हणाला. "चाचांनी दोन महिन्यांपूर्वीच वदवून घेतलंय माझ्याकडून. पण मोबाइलात साडेआठ आहे, बाकीचे यायचे कसे? रिकामी गाडी नेऊ का?"

मी लॅपटॉप उघडला. फोल्डरमध्ये अब्बांच्या अकरा फाइली होत्या, पार जानेवारीपर्यंतच्या. प्रत्येकीचं नाव दिवसापासून सुरू होत होतं. उद्याच्या फाइलीचं: पंचवीस, अकरा, दोन हजार चोवीस. एकही फाइल पानाने कधी उचलली नव्हती, आणि नंतर बघते असं म्हणून मी नंतर बघितलंच नव्हतं.

नावं बदलणं पाच मिनिटांचं काम. पहिल्या फाइलीवर मी कर्सर नेलाही. मग फाइल तशीच सोडली आणि माझा कोड उघडला. तारखेची ओळ शोधली, वर्ष शेवटी नेलं, दिवस पुढे आणला. तीन अक्षरं इकडची तिकडे. पान पुन्हा उघडलं.

उद्याच्या चौकटीत आलं: "वाडीवरून गाडी सातला. डोळे तपासायला जाणाऱ्यांनी चहा घरूनच पिऊन यावे. पुढची सीट येसूबाईंची. गजा, हॉर्न कमी."

मी मोठ्याने वाचून दाखवलं. येसूबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. फोन चालूच होता. "चाचा गेले तरी माझ्या हॉर्नच्या मागे आहेतच!" गजा म्हणाला.

"पुढची शीट," येसूबाई उठताना म्हणाल्या. "त्या गज्याला सांग हां, त्याच्या बायकोला बसवंल नायतर."

त्या गेल्यावर मी उरलेल्या फाइली वाचल्या नाहीत. ज्या त्या दिवशी पान त्या आणेल. भिंतीजवळ अब्बांची पाइप कापायची करवत टांगलेली होती, दात्यांत अजून पांढरा भुसा. मी स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि समोर अब्बाच असल्यासारखी मी बोलले.

"अब्बा, तारीख तुम्ही बरोबर लिहिली होती. मशीनला शिकवताना मी चुकले."