तरंगणारा थेंब

लंडनजवळच्या पिनरच्या चर्च हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाचे दहा-बारा जण रक्तदानाला आले होते, ते डॉ. विद्याधर कर्णिकांच्या शब्दाखातर. गेल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांना पालक, मसूर आणि हळिवातल्या लोहावर तासभर भाषण ऐकवलं होतं. साहजिकच पहिला मान त्यांचा.

नर्सने बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडला. लोह पुरेसं असलं की थेंब बुडतो. कर्णिकांचा थेंब सुट्टीवर आल्यासारखा वरच रेंगाळला.

"सॉरी, आज तुमचं रक्त घेता येणार नाही. तुमच्या जीपीला भेटा," नर्स म्हणाली.

आपणच जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहोत, हे सांगायचं धैर्य कर्णिकांना झालं नाही.

रांगेतून मंडळातला तरुण प्रणय ओरडला, "काका, सगळं लोह भाषणातच संपलं वाटतं!"

"संपायला आधी अंगी लागावं लागतं," त्यांच्या पत्नी नलिनी म्हणाल्या. "अहो, जेवणाबरोबर चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही, असं पेशंटना तुम्हीच बजावता ना? आणि स्वतः भाकरीच्या घासागणिक चहाचा घोट!"

तेवढ्यात रांगेतले दोघे "डॉक्टरांचीच ही गत, तर आपलं काय?" म्हणत कोट चढवू लागले. एवढ्या खटपटीने जमवलेली माणसं हातची जाणार, हे दिसताच कर्णिक लगबगीने आडवे गेले.

"मंडळी, थांबा! मी सांगितलं ते सगळं खरं होतं. फक्त ऐकणाऱ्यांत मी नव्हतो."

हशा पिकला आणि दोघांनी कोट उतरवले.