यादीत नसलेलं स्थळ

पुष्कर आगाशे उपदेश फार करायचा. कर्वेनगरच्या एका कॉलेजात शनिवारी सकाळी तो पोरांना सॉफ्टवेअर कसं लिहावं आणि गिऱ्हाइकाकडे कसं चालू करून द्यावं ते शिकवायचा, आणि तिथं त्याचं तोंड जे सुटायचं ते थांबायचं नाही. "आपल्या मशीनवर चाललं म्हणजे सगळीकडे चाललं असं समजू नका. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून बघा. नवीन काही चढवण्याआधी जुन्याची प्रत काढा, आणि पहिली झटापट त्या प्रतीवर करा. शुक्रवारी तर काही चढवूच नका, दोन दिवस फोन घेत बसाल." पोरं माना डोलवायची आणि तास संपला की कानात हेडफोन घालून चालू लागायची. मग पुष्कर फ्लॅटवर यायचा आणि सोमवारपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. निघणार कुणाशी? दूधसुद्धा आता ॲपवरून येत होतं.

एकटा होता, आणि ते त्याला खुपायचं. एकटेपणाची मजा काही औरच, वगैरे म्हणणाऱ्यांतला तो नव्हता. एवढासा भात कुकरला लावताना कधीकधी त्याला रडू यायचं. येतं माणसाला, त्यात लाजायचं काय?

त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे बिबवेवाडीतले तात्याराव. त्यांचं वधू-वर सूचक केंद्र होतं. पुष्करनं उमेदीच्या काळात त्यांना एक प्रोग्रॅम करून दिला होता, तो त्यांच्या टेबलावरच्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचा. स्थळं भरायची, जुळणारी शोधायची, एखाद्या नावापुढं 'पसंत' दाबलं की समोरच्याच्या मोबाइलवर निरोप जायचा. काही बिघडलं की पुष्कर पेनड्राइव्ह खिशात टाकून बसनं जायचा, चहा प्यायचा आणि तात्यारावांची बोलणी खायचा.

"या आगाशे. कॉम्प्युटर बंद पडला की तुमचे पाय लागतात. बंदच पाडून ठेवत जातो."

तिथंच त्याला नीरजा भेटली, काही वर्षांपूर्वी. पुष्कर टेबलाखाली शिरून प्रिंटरची वायर खोचत होता आणि वर तात्याराव एका मुलीचा फॉर्म भरत होते. फॉर्म काही पुढं सरकेना.

"आगाशे, तुमचा प्रोग्रॅम यांची उंची घेत नाहीये."

पुष्कर बाहेर आला. बघतो तर मुलगी चांगली त्याच्याएवढी उंच. झालं होतं असं, की बायकांची उंची फार तर किती असेल याचा आकडा त्यानं आपल्या मनानंच ठोकून दिला होता. चारचौघांना विचारावं, निदान एखादीला भिंतीपाशी उभं करून मोजावं, हे काही त्याला सुचलं नव्हतं.

"म्हणजे तुमच्या हिशेबानं मी असूच शकत नाही," नीरजा म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची. "थोडी कमी होऊन येऊ का?"

"नको नको, मीच वाढवतो," असं म्हणून पुष्कर कानापर्यंत लाल झाला. ती हसली, अगदी मोकळी हसली. आकडा दुरुस्त होईपर्यंत दोघं बोलत बसले. कशावर म्हणाल, तर पुण्यातल्या बस वेळेवर का येत नाहीत यावर! पण त्या दिवशी घरी जाताना याचे पाय जमिनीवर नव्हते.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? तात्यारावांना म्हणाला असता, "अहो, त्या मघाच्या बाईंना माझं विचारून बघा." संपला विषय. पण या गृहस्थाची जीभ उचलेल तर शपथ! पुढच्या खेपेला तात्याराव जेवायला आत गेल्याचं बघून यानं गुपचूप स्वतःचं स्थळ कॉम्प्युटरमध्ये भरलं, नीरजाच्या नावापुढं 'पसंत' दाबलं आणि घरी जाऊन फोनकडे बघत बसला.

फोन आला नाही. आठवडे गेले, महिने गेले. नीरजाचं सोडा, दुसऱ्या कुणाचाही आला नाही. एवढ्या मोठ्या पुण्यात आपली नुसती चौकशी करावी असंही कुणाला वाटू नये? ते त्यानं मनाला फार लावून घेतलं. लग्नाची आमंत्रणं टाळू लागला. बिबवेवाडीला जाणंही तोडलं, तात्यारावांची दुरुस्ती घरूनच फोनवर सांगू लागला. आपण कुणाला नको आहोत हे त्यानं एकदाचं मान्य करून टाकलं.

यंदा तात्यारावांचा कॉम्प्युटर शेवटचे आचके देऊ लागला, तेव्हा सगळा कारभार वेबवर न्यायचं ठरलं, म्हणजे स्थळं लोकांना घरबसल्या मोबाइलवर बघता आली असती. तात्यारावांनी जुना प्रोग्रॅम सगळ्या माहितीसकट पेनड्राइव्हवर पाठवला, तो पुष्करनं घरी उघडला आणि ओळ न ओळ वाचत बसला. वाचता वाचता एका ओळीशी त्याचा हात थांबला.

अगदी सुरुवातीला, प्रोग्रॅमची चाचणी घेताना, त्याला एक खोटं स्थळ हवं होतं. आळसापायी त्यानं त्याला स्वतःचाच मोबाइल नंबर दिला होता. आणि ते खोटं स्थळ गिऱ्हाइकांच्या नजरेला पडू नये म्हणून प्रोग्रॅमला बजावलं होतं, की हा नंबर दिसला तर यादीत दाखवू नकोस, आणि त्याचे निरोप बाहेर न पाठवता रांगेत ठेव. चाचणी संपली, खोटं स्थळ पुसलं, ही ओळ मात्र तशीच राहिली. पुढं त्यानं स्वतःचं खरं स्थळ भरलं, तेही त्याच नंबरानं.

म्हणजे कुणी नाकारलं नव्हतं! कुणी बघितलंच नव्हतं त्याला!

पुष्कर खुर्चीतून उठला आणि त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये मोठ्यानं हसला. नीरजाचं नाव शोधलं, तर ते यादीत होतं. तात्याराव लग्न झालेल्यांची नावं काढायचा कंटाळा करतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आशा लागलेल्या माणसाला अशा गोष्टी आठवत नाहीत. त्यानं ती ओळ उडवली. बाकीचं कामही झपाट्यानं उरकलं. प्रतीवर करून बघायला धीर कुठला, जुनी सगळी माहिती त्यानं थेट नव्या वेबसाइटवर हलवली आणि चालू करून टाकली. वार होता शुक्रवार. मग दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. कुठं जायचं होतं म्हणून? कुठंच नाही.

तासाभरात फोन वाजला.

"पुष्कर आगाशे का? मी नीरजा बोलतेय. तुम्ही मला पसंती कळवल्याचा निरोप आलाय आत्ता."

रांग! नव्या वेबसाइटनं सुरू होताच जुन्या रांगेत पडून असलेला निरोप बघितला आणि इमानेइतबारे पोचता केला. कॉलेजातल्या पोरांनी अशी चूक केली असती तर यानं तासभर झाडलं असतं.

"अहो, माझी मुलगी बालवाडीत जाते आता," ती म्हणाली. "फोन करणार नव्हते. पण नाव वाचलं. ते प्रिंटरवाले आगाशे तुम्हीच ना?"

"हो."

"तेव्हा मी विचारलं होतं तुमच्याबद्दल. तात्यारावांना. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, आगाशांचं नाव नाहीये यात, त्यांना लग्न करायचं दिसत नाही. मी परत बघायला लावलं. तरी नव्हतं."

पुष्करला बोलायचं होतं. होतं हो नाव, मीच झाकून ठेवलं होतं, मी फोन उशाशी घेऊन झोपत होतो, असं सगळं ओठांवर आलं होतं.

"हा निरोप चुकून आलाय ना?" तिनं विचारलं. आवाजात हसू नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "जुनी माहिती हलवताना तांत्रिक चूक झाली. माफ करा."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुष्कर पलंगावर बसला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले, ते परत भरले, परत पुसले. असा किती वेळ गेला त्यालाच कळलं नाही. मग पुन्हा फोन वाजला. तात्याराव होते, खुशीत होते.

"आगाशे, दिसतंय हो सगळं मोबाइलवर, झकास! फक्त तुमचं स्वतःचं नाव आलंय यादीत. चाचणीसाठी टाकलेलं दिसतंय. काढून टाकू ना?"

पुष्करनं शर्टाची ओली बाही दुमडली.

"आगाशे? ऐकू येतंय का? काढू?"

"नका काढू," पुष्कर म्हणाला. "चाचणीचं नाहीये ते. माझंच आहे. मला लग्न करायचंय, तात्याराव."

"अहो," तात्याराव हळूच म्हणाले, "मग तेव्हा तोंडानं सांगायचंत ना मला."