खांबाखालचं ताट

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. असोद्याला झुंबरबाईंच्या ओसरीत उभा आहे. वरून गुळगुळीत, पिस्ता रंगाचा. आत मात्र राग धरून आहे.

माझा जन्म घाईत झाला. माझ्या गजांना वीस एमएमची खडी हवी होती. ती संपली, तेव्हा ठेकेदार लीलाधरने जमिनीखालच्या थरासाठी आणलेली, उरलेली चाळीस एमएमची खडी कालवायला लावली.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, एवढे गोटे गजांतून उतरायचे नाहीत."

"मोठी खडी, मोठी ताकद. ओत तू," लीलाधर हसला.

आता तुम्हीच सांगा, डब्यात बट्ट्या, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, भरले तर मधे फटी राहतात की नाही? तसंच झालं. खडी गजांत अडकली, सिमेंट खालपर्यंत पोचलंच नाही, आणि माझ्या बुडाशी मोहोळासारखी भोकं राहिली. साच्याच्या फळ्या काढल्यावर लीलाधरने ती पाहिली आणि वरून गिलावा थापला.

पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि कौतुक लीलाधरचं करत. मी आतल्या आत दातओठ खाई. ओसरी धुतली की पाणी भोकांत मुरे, गज गंजत. झुंबरबाईंची नात मयुरी लपाछपीत माझ्यावर कपाळ टेकून डोळे मिटायची. तिचा ऊन ऊन श्वास लागला की राग विरघळायचा. मग भीती वाटायची, आणि राग दुप्पट होऊन परत यायचा.

यंदा वरचा मजला चढवायचं ठरलं. काम पुन्हा लीलाधरलाच. ते ओझं मला पेलणार नव्हतं. मी कोसळेन तेव्हा खाली मयुरी असेल, लीलाधर नसेल, हे मला दिसत होतं. आणि मला तोंड नव्हतं.

काम सुरू करायच्या दिवशी ठेकेदाराला जेवू घालायची या घरची रीत. झुंबरबाईंनी माझ्या बुडाशी पाट मांडून वरण-बट्टी वाढली. लीलाधरने माझ्याकडे पाहिलं, आणि ताट उचलून ओसरीच्या पार टोकाला नेलं.

"काहून भाऊ? वाढलेलं ताट हलवता?"

"तिथं गरम होतं, अक्का."

"पंखा तं खांबाजवळच हाये."

लीलाधरची नजर माझ्या बुडाकडे गेली, ती झुंबरबाईंनी टिपली. झुंबरबाई आत गेल्या, बत्ता घेऊन आल्या आणि माझ्या बुडाशी ठोकू लागल्या. आवाज बद्द आला. गिलाव्याची खपली निघाली, मागून सुटी खडी भसाभस ओघळली आणि गंजका गज उघडा पडला.

मित्रांनो, त्या क्षणासाठीच मी इतकी वर्षं तग धरला होता.

मयुरीच्या बाबांनी, हितेंद्रने, इंजिनिअरला फोन लावला. लीलाधर उठू लागला.

"बसा," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांनी ताट परत माझ्या बुडाशी ठेवलं. "माह्या नातीनं रोज इथं डोकं टेकलं. तुमी एक जेवण करा."

तो जेवला. डोळे छतावरून हलत नव्हते. मी मुद्दाम थोडी माती त्याच्या वरणात सांडली.

पुढे मला टेकू दिले, पोकळ भाग फोडला, नवे गज बांधले आणि बारीक खडी ठासून भरली. ती खडी लीलाधरने उन्हात बसून स्वतः चाळली. वरच्या मजल्याचं काम त्याला मिळालं नाही.

तुमच्या घरी खांब उभा राहील तेव्हा मोठ्यांना सांगा, गजांमधून सहज उतरेल एवढीच खडी घ्या, नीट ठासा, सुरुवातीचे काही दिवस रोज पाणी मारा. आणि बांधणाऱ्याला जेवायला बोलवाल तेव्हा त्याचं ताट त्याच खांबाखाली वाढा.