बशीवर ठेवलेला कप

वरदा इंग्लंडात वॉटफर्डमध्ये सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. त्यामुळे सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय, हे मुलाच्या आधी सुनेनं हेरलं.

नागपुरात आशाबाई रोज सकाळी वीस मिनिटं ध्यानाला बसायच्या. त्यांचे यजमान पुरुषोत्तमराव शेजारच्या खुर्चीत चहा घेत पेपर वाचायचे आणि वेळ झाली की कप टक्कन बशीवर ठेवायचे. घड्याळाची काळजी त्यांची, बसायचं काम हिचं. मागच्या वर्षी ते गेले. मुलाकडे इथे आल्यापासून आशाबाई सारखा एक डोळा उघडून घड्याळ बघू लागल्या, आणि शेवटी बसणंच सोडलं.

"माझं बसणं यांच्याबरोबरच गेलं," त्या म्हणाल्या.

वरदानं त्यांच्या फोनवर टायमर लावून दिला. पहिल्या दिवशी घंटा अशी ठणाणली की आशाबाई दचकून उठल्या. दुसऱ्या दिवशी मध्येच नागपूरच्या जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल. म्हणून तिसऱ्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर टाकला, तर "वहिनींचा फोन लागत नाही" म्हणून नागपुरात रडारड! त्यांनी मुलाला, मिलिंदला, मीटिंगमधून उठवलं, मिलिंदनं शेजारच्या अन्वीला दार ठोठावायला धाडलं.

"लीव्ह इट ना, वरदा," मिलिंद वैतागला. "आईला नकोय तर फोर्स कशाला?"

"आईंना हवंय. फक्त भरवसा नाहीये."

मग ती इरेलाच पेटली. आशाबाईंनी साडीत गुंडाळून आणलेली सासऱ्यांची कपबशी तिनं गुपचूप घेतली, बाथरूमचं दार लावून तो आवाज फोनमध्ये भरला आणि टायमरला लावला. नागपूरकरांना त्या वेळात फोन न करण्याची तंबी दिली. मग आठवडाभर रोज स्वतः बसून पाहिलं: स्क्रीन बंद करून, चार्जिंग तळाला नेऊन, मिलिंदला मुद्दाम मध्येच फोन करायला लावून. एकदा बॅटरी वाचवायच्या नादात फोननं टायमरच बंद पाडला. तेही सेटिंग तिनं हुडकून काढलं. इतक्या निगुतीनं माया करणारी सून मिळायला खरंच भाग्य लागतं.

शनिवारी आशाबाई बसल्या. कसला आवाज होणार, हे त्यांना माहीत नव्हतं. वरदा स्वयंपाकघराच्या दारात जीव मुठीत धरून उभी होती.

टक.

आशाबाईंनी सावकाश डोळे उघडले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वरदाला वाटलं, नको ते करून बसले की काय!

"आज मध्ये एकदाही डोळा उघडला नाही गं," आशाबाई म्हणाल्या. डोळे भरलेले, पण हसत होत्या. "आणि तुला म्हणून सांगते, हा फोन यांच्यापेक्षा पक्का. यांना पेपर वाचता वाचता डुलकी लागायची. मी आपली तासभर तशीच बसलेली!"

"अहो आई, मग डोळे का नाही उघडायचात?"

"टक झालेलं नसायचं ना."