तोंडातल्या टाचण्या

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान चालायचं ते त्यांच्या आवाजावर. चार मशिनांच्या खडखडाटाला पुरून उरेल असा गळा त्यांनी कमावला होता. काजवालीला ऐकू येत नाही हे कळल्यावर तो त्यांनी आणखी चढवला. काजं करणारी ही बाई जन्मापासून ठार बहिरी. ती ओठ वाचायची, आणि मास्तरांच्या ओठांत दिवसभर टाचण्या. तिने वही पुढे केली की ते म्हणायचे, "लिहीत कुठे बसू? समजतं हिला सगळं. मान हलवते की!"

मंगळवारी तीन वाजता तिच्या भावाने दुकानात फोन केला. तिचा मोबाइल मास्तरांच्याच नियमाने पिशवीत, खुंटीला. वडील अचानक कोसळले होते, चारला ऑपरेशन होतं. "ताईला लगेच पाठवा. आत नेण्याआधी बाबांना तिला बघायचंय."

मास्तर टाचण्यांआडून ओरडले, "बाबा दवाखान्यात! बाबा!"

काजवालीने मान हलवली आणि पुन्हा सुई उचलली.

साडेतीनलाही ती तिथेच. मास्तरांचं डोकंच फिरलं. "बाप तिकडे मरणाच्या दारात आणि ही काजं घालत बसलीय! काळीज आहे की दगड?" हे सगळं ते तिच्या पाठीला म्हणाले.

सव्वाचारला भाऊ धापा टाकत आला. ओठावरून बोट फिरवत त्याने मिशीला पीळ दिला. त्यांच्या घरात ही वडिलांची खूण. काजवाली सुईदोरा टाकून धावली, पण वडिलांना केव्हाच आत नेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. वडील शुद्धीवर नव्हते आणि दवाखान्यात एकालाच थांबू देत होते. "अगं, मी सांगितलं होतं ना?" मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि टेबलावर लिहिलं : मला 'मामा' दिसलं. मामा दर मंगळवारी गुडघे शेकायला दवाखान्यातच असतो.

मग तिने आरशाकडे बोट दाखवलं. मास्तरांनी टाचण्या काढल्या, आवाज न करता आधी 'मामा' म्हटलं, मग 'बाबा'. दोन्ही वेळा ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. तसूभर फरक नाही. मास्तर शरमले. इतकी वर्षं खडू त्यांच्याच हातात होता.

दुपारी फोन वाजला. ऐकून झाल्यावर मास्तर काजवालीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि तिने वर बघेपर्यंत थांबले. त्यांनी ओठावरून बोट फिरवून मिशीला पीळ दिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तर लिहायला जागा शोधू लागले. कापडाच्या सुलट बाजूला खडू लावला म्हणून कामगारांना फाडून खाणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर, सुलट बाजूलाच, मोठ्या अक्षरांत लिहिलं : शुद्धीवर आलेत. तुला बोलावतायत.