खालचा आरा

"बाई, हा आरा गेला," तोफेच्या चाकाशी आडवा पडलेला सुतार म्हणाला, आणि तोफवाल्यांच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"गेला म्हणजे?"

"चिरलाय. बोट घालून बघा की."

तोफवाल्यांना बोट घालवेना. कागदोपत्री ते सैनिकी संग्रहालयातले परिचर, पण सगळा गाव त्यांना तोफवालेच म्हणे. मधल्या दालनातली ही जुनी मैदानी तोफ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सकाळी दारं उघडायच्या आत तिची नळी, तिचं पितळ, चाकांच्या लोखंडी धावा पुसून लख्ख करायच्या, हा त्यांचा नेम. अंगात ताप असला तरी चुकवायचा नाही. रजा घ्या म्हटलं तर म्हणायचे, "माझ्यामागे तिला कोण बघणार?" बघायला आलेल्या माणसांना ते रंगवून सांगायचे, की लढाईत ही चिखलात रुतली तेव्हा सैनिकांनी पाळीपाळीने चाकांना खांदा लावून तिला कशी बाहेर काढली. पाळीपाळीने हा शब्द ते दोनदा म्हणायचे.

"पण मी रोज पुसतो हो हिला," ते कसेबसे म्हणाले.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई नुकत्याच बदलून आल्या होत्या. बोलायला मऊ. "ते दिसतंच आहे. पितळेत तोंड दिसतं. पण ही इथे आणली तेव्हापासून जागची हललेली नाही. सगळं ओझं या खालच्या आऱ्यावर. बाकीचे बघा, कसे नव्यासारखे."

"आणि लाकूड बिचारं बोंब मारत नाही," सुतार अंग झटकत उठला. "करकरलं असेल थोडंफार. तुमच्या फडक्याला ते कुठलं ऐकू यायला!"

"मोडणार का आता?"

"छे, एवढ्यात कसला मोडतो! आधाराची पट्टी बांधतो. पण आधी चाक फिरवून याला वर घ्या. जरा विसावा मिळू दे गरिबाला."

शिपायाला हाक मारून चौघांनी मिळून तोफेचा गाडा थोडा पुढे ढकलला. चिरलेला आरा हळूहळू वर गेला, आणि त्याच्या जागी दुसरा खाली आला. बाईंनी खडूने खूण केली. "आता दर महिन्याला सरकवायचा. लक्षात ठेवाल ना?"

तोफवाल्यांनी मान हलवली. दिवसभर त्यांनी पितळेला हात लावला नाही.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बायको सासूबाईंची कूस बदलत होती. म्हातारीचं कमरेचं हाड मोडल्याला वर्षं लोटली होती. शरीर खाटेला लागलं, जीभ मात्र हिंडती-फिरती होती.

"सूनबाई, तुझा नवरा आला बघ. तोंड असं का? तोफ उडाली की काय?"

"आई, गप्प पडा बघू. अहो, आमच्या ताईचा फोन होता. बुधवारी डोळ्याची पट्टी सोडणार आहेत. पट्टी सुटली की पहिल्यांदा तुलाच बघायचंय म्हणत होती."

"मग?"

"मग काय? नाही जमायचं म्हटलं."

दूध झाकून ठेवलंय म्हणावं, तसं सांगितलं तिने. आवाजात तक्रार नाही, काही नाही. तक्रार करायची कशाची? दर खेपेला तोफवालेच तर म्हणायचे, "आईला तुझ्याशिवाय कुणाचा हात चालत नाही." आणि जायला म्हणून काढलेली तिची पिशवी न भरताच परत ठेवली जायची.

बायकोने गादीच्या काठावर गुडघा रोवला, म्हातारीच्या खांद्याखाली हात सरकवला आणि वळवलं. बारीकसा आवाज आला. अं... असा.

तोफवाले चप्पल काढता काढता थबकले. हा आवाज ते रोज ऐकत होते. खाट करकरते असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं. खाटेला तेल घालायला हवं, असंही ते कितीदा तरी म्हणाले होते. आणि बायको म्हणायची, "घाला की सवडीने."

आज बघितलं तर खाट हललीही नव्हती; बायको कमरेवर हात ठेवून सरळ होत होती.

"तू जा ताईकडे," ते म्हणाले.

"आणि आईंचं?"

"मी आहे ना."

म्हातारी खो खो हसली. "हा! अगं, हा मला पितळेसारखी घासून काढील!"

"आणि तुमची तोफ?"

"तोफ काय पळून जातेय?"

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू यांना तापच आलाय.

बुधवारी पहाटेच्या गाडीने ती गेली. दार ओलांडेपर्यंत सूचना चालल्या होत्या, गोळी कुठली आधी, पाणी किती कोमट, गुडघ्यांमध्ये चादरीची घडी कशी. तोफवाले हो हो म्हणाले आणि सगळं विसरले. दिवसभर म्हातारीनेच शिकवलं. "अरे, आधी खांदा, मग कंबर! उलटं कसं वळेल माणूस?"

संध्याकाळी फोन आला.

"जेवल्या का आई? कूस बदलली?"

"बदलली. ताईंची पट्टी सुटली?"

"सुटली की! स्वच्छ दिसतंय तिला." बायको हसत होती. "मला बघून काय म्हणाली माहितीये? अगं, तू किती म्हातारी झालीस! असे हसलो आम्ही दोघी."

तोफवाल्यांना हसू आलं नाही.

"अहो, ऐकताय ना? मी परवा निघते."

"परवा नको. राहा अजून. मी रजा वाढवून घेतो."

मग ती हळूच म्हणाली, "बरं."

"काय म्हणत होती?" म्हातारीने विचारलं.

"मजेत आहे."

"असू दे. असू दे बाई मजेत." म्हातारीने डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "आता मला त्या कुशीवर कर. आणि हळू. मी तोफ नव्हे."

तोफवाल्यांनी हात धुतले, पुसले. खाटेशी आले. गादीच्या काठावर एक छोटा खळगा पडलेला होता, कापूस दबून दबून घट्ट झालेला. त्यांनी त्यात गुडघा टेकवला. त्यांचा गुडघा तिथे मावेना. त्यांनी खळग्यावरून एकदा हात फिरवला, गुडघा त्याच्या शेजारी रोवला, आणि आधी खांद्याखाली हात घातला.